हिमवानरांची दरी, शिबूची गरम कुंडे आणि नागानोचे जेवण

मृदगंध

जपानमधील नागानो प्रांताच्या उत्तर भागात यामानोउची नावाचे डोंगराळ गाव आहे. डोक्यावर बर्फ साचलेले आणि डोळे मिटून गरम पाण्यात बसलेले लाल तोंडाचे माकड आपण सर्वांनी छायाचित्रांत पाहिलेले असते. ते छायाचित्र बहुधा याच गावाच्या हद्दीतील जिगोकुदानी या दरीतले असते. फेब्रुवारीत मी, माझे पती आणि सासूबाई असे तिघे तिथे गेलो होतो. सकाळी माकडे, दुपारी जेवण आणि संध्याकाळी शिबू ओनसेन या गरम झऱ्यांच्या वस्तीतील स्नानगृहे असा एका दिवसाचा बेत होता. प्रवासी पुस्तिकांमध्ये या तीन गोष्टी तीन वेगळ्या रकान्यांत दिलेल्या असतात. प्रत्यक्षात तिन्हींच्या मुळाशी तीच थंडी, तीच उताराची जमीन आणि डोंगराच्या पोटातले तेच कढत पाणी आहे, असे मला दिवसभर जाणवत राहिले. हा धागा त्याविषयी आहे.

पोहोचण्याचा मार्ग सोपा आहे. तोक्योहून होकुरिकु शिनकानसेन या बुलेट ट्रेनने साधारण दीड तासात नागानो येते. तिथून नागानो देंतेत्सु या खासगी रेल्वेने युदानाका या शेवटच्या स्थानकापर्यंत जावे; जलद गाडीला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. या मार्गावर जेआर पास (पर्यटकांसाठीचा जपान रेल्वेचा पास) चालत नाही, त्यामुळे तिकीट वेगळे काढावे लागते. युदानाकाहून बसने कानबायाशी ओनसेन गाठले, की पुढे १.६ किलोमीटरची पायवाट लागते. ही वाट उंच सुगी वृक्षांमधून जाते आणि बरीचशी सपाट आहे, परंतु हिवाळ्यात तिच्यावरचा बर्फ तुडवून तुडवून गुळगुळीत झालेला असतो. सासूबाईंना घेऊन आम्हांला ती चालायला पाऊण तास लागला. वाटेच्या शेवटी योकोयु नदीचे पात्र दिसते, त्याच्या काठावरून वाफेचा नैसर्गिक फवारा सतत उसळत असतो, आणि ‘जिगोकुदानी’ म्हणजे नरकाची दरी हे नाव या खोऱ्याला का पडले असावे हे कोणी सांगावे लागत नाही.

दरीची उंची समुद्रसपाटीपासून ८५० मीटर आहे आणि वर्षाचा सुमारे एक तृतीयांश काळ ती बर्फाखाली असते. येथील वानर-उद्यान १९६४ साली सुरू झाले, पण त्याची सुरुवात पर्यटनातून झालेली नाही. त्याआधीच्या वर्षांत वरच्या शिगा पठारावर स्कीइंगसाठी जंगलतोड झाली, तेथील माकडे खाली सरकली आणि पायथ्याच्या सफरचंदांच्या बागांमध्ये शिरू लागली. बागायतदारांना ती मारून टाकायची होती. ज्यांना हे मान्य नव्हते अशा काही स्थानिक लोकांनी माकडांना दरीतच खाणे द्यायला सुरुवात केली, म्हणजे ती बागांकडे जाणार नाहीत. तिथे जवळच एक जुनी सराय आहे. १९६३ साली तिच्या उघड्यावरच्या कुंडात एक लहान मादी उतरली, तिचे पाहून इतर पिल्ले उतरू लागली, आणि माणसांनी व माकडांनी एकाच पाण्यात बसणे आरोग्याच्या दृष्टीने योग्य नसल्यामुळे माकडांसाठी वेगळे कुंड बांधण्यात आले. आज आपण पाहतो ते हेच कुंड. १९७० साली एका अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर या माकडांचे छायाचित्र आले आणि १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकनंतर तर जगभरातून लोक येऊ लागले.

उद्यानाला कुंपण नाही. माकडे सकाळी डोंगरावरून उतरतात आणि अंधार पडण्याआधी परत जातात. त्यांना खाऊ घालणे, हात लावणे आणि डोळ्यांत डोळे घालून पाहणे यांस मनाई आहे. सेल्फी-काठीही चालत नाही. आम्ही दोन तास तिथे होतो आणि त्यातला बहुतेक वेळ मी कुंडाकडे न पाहता कुंडाच्या काठाकडे पाहत होते, कारण खरी घडामोड तिथे होती. कोणाला पाण्यात जागा मिळते आणि कोणाला बर्फावर कुडकुडत बसावे लागते, हे ठरलेले असते. जपानी माकडांच्या टोळीत मादीचा दर्जा आईकडून मुलीकडे जातो, आणि बहिणींमध्ये धाकटी ही थोरलीपेक्षा वरचढ ठरते. कावामुरा या संशोधकाने १९५८ मध्ये हा नियम मांडला. एक धिप्पाड मादी आली की कोणतेही भांडण न होता दोन-तीन माकडे मुकाट्याने पाण्याबाहेर पडत होती. क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये याच उद्यानातील माद्यांच्या विष्ठेतील ताणाच्या संप्रेरकांचे मोजमाप प्रसिद्ध केले. थंडीत स्नान करणाऱ्या माद्यांमध्ये ही संप्रेरके कमी आढळली, आणि वरच्या दर्जाच्या माद्या पाण्यात अधिक वेळ बसत असल्याचेही त्यात दिसून आले. गरम पाण्याचे सुख इथेही मानाप्रमाणेच वाटले जाते.

दुपारचे जेवण आम्ही खाली उतरून एका लहान सोबागृहात केले. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. कुट्टू हे थंड, हलक्या जमिनीत आणि अडीच महिन्यांच्या आत येणारे पीक असल्यामुळे जिथे भात धड पिकत नाही अशा डोंगरउतारांवर ते पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले. आज ‘शिनशू सोबा’ (शिनशू हे नागानोचे जुने नाव) म्हणून जो पदार्थ मिरवला जातो, तो मुळात गरजेतून आलेला आहे. गार शेवया बांबूच्या चाळणीवर येतात, त्या सोबतच्या सोय-रसात बुडवून खायच्या, आणि शेवटी शेवया उकडलेले पाणी एका भांड्यातून आणून देतात. ते उरलेल्या रसात ओतून प्यायचे. सासूबाईंनी ते पाणी नुसतेच घेतले, पहिल्या घोटालाच ‘ही तर आपली पेज’ असा निर्वाळा दिला आणि तो मला अगदी योग्य वाटला.

सासूबाई शाकाहारी असल्याने सोय-रस मात्र त्यांना घेता आला नाही, कारण त्यात बोनिटो माशाच्या वाळवलेल्या किसाचा अर्क, म्हणजे दाशी, असतो. त्यांनी शेवया मीठ, किसलेला मुळा आणि ताज्या वासाबीबरोबर खाल्ल्या. त्यांच्या पोटाला खरा आधार मिळाला तो ओयाकीचा. गव्हाच्या किंवा कुट्टूच्या पिठाच्या पारीत भोपळा, वांगे, गोड लाल चवळीसारख्या आझुकीचे पुरण किंवा नोझावाना नावाच्या पालेभाजीचे लोणचे भरून ती भाजतात वा वाफवतात. पूर्वी घरातल्या चुलाण्याच्या गरम राखेत ती भाजली जात असे.

संध्याकाळी शिबू ओनसेन. अरुंद दगडी गल्लीत एकाला एक लागून लाकडी सराया आहेत आणि त्यांच्यामध्ये गावाच्या मालकीची नऊ सार्वजनिक स्नानगृहे आहेत. शिबूमध्ये मुक्काम करणाऱ्याला सरायीतून एक किल्ली मिळते, तिने नवही दारे उघडतात. बाहेरच्या माणसाला फक्त नववे, सर्वांत मोठे स्नानगृह पैसे भरून वापरता येते. पाहुणे युकाता हा सुती झगा आणि लाकडी खडावा घालून एका दारातून दुसऱ्या दारात जातात आणि प्रत्येक ठिकाणी एका पातळ पंचावर शिक्का उमटवतात. प्रत्येक स्नानगृहाचे पाणी वेगळे आहे, कुठे नितळ तर कुठे लोहामुळे तांबूस. ते इतके कढत असते की थंड पाण्याचा नळ सोडल्याशिवाय पाय बुडवता येत नाही. ज्यांच्या वेळापत्रकात फक्त माकडे आहेत आणि जे त्याच दिवशी तोक्योला परततात, त्यांनी या गावाचा सर्वांत चांगला भाग सोडून दिला असे माझे स्पष्ट मत आहे.

अबोली

लेख अतिशय आवडला. एक व्यावहारिक प्रश्न विचारते. ओनसेनमध्ये विवस्त्र उतरावे लागते असे ऐकून आहे आणि केवळ त्या एका कारणासाठी माझ्या आईने जपानचा बेत नाकारला आहे. तुमच्या सासूबाईंनी हे कसे स्वीकारले? तसेच रक्तदाबाचा त्रास असलेल्या व्यक्तीने काय काळजी घ्यावी?

मृदगंध

अबोली, स्त्रिया आणि पुरुष यांची स्नानगृहे वेगळी असतात आणि आत कपडे किंवा पोहण्याचा पोशाख चालत नाही, हे खरे आहे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ठाम नकार दिला होता. अनेक सराया एका कुटुंबापुरते कुंड तासाभरासाठी राखून देतात. आम्ही ते घेतले, त्या त्यात एकट्याच बसल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी नसताना स्वतःहून सार्वजनिक स्नानगृहात गेल्या. त्यामुळे आईंना आधी राखीव कुंडाचाच पर्याय सांगावा. पाण्यात उतरण्याआधी स्टुलावर बसून साबणाने पूर्ण अंग धुवायचे, साबणाचा अंशही कुंडात जाऊ द्यायचा नाही, केस वर बांधायचे आणि पंचा पाण्यात बुडवायचा नाही, एवढे नियम पाळले की कोणीही आपल्याकडे वळून पाहत नाही. गोंदण असलेल्यांना काही ठिकाणी प्रवेश नाकारतात, हेही आधी विचारून घ्यावे.

रक्तदाबासाठी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाहेर शून्याखाली तापमान आणि कुंडात चाळीसच्या वर, असा हा फरक असतो. म्हणून आधी पायांवर आणि मग खांद्यांवर पाणी ओतून शरीराला सवय करून द्यावी, चार-पाच मिनिटांत बाहेर यावे, उठताना घाई करू नये आणि नऊ स्नानगृहांचा नेम एका संध्याकाळी पुरा करण्याच्या फंदात पडू नये.

वनराई

लेखाची मांडणी चांगली आहे, तरीही शीर्षकातील ‘हिमवानरांची दरी’ वाचून जे अपेक्षित होते त्याबाबत एक मूलभूत आक्षेप नोंदवतो. कर्मचारी दिवसातून ठरावीक वेळा धान्य टाकतात म्हणून माकडे दरीत येतात. अशा प्राण्यांना पाहणे म्हणजे वन्यजीवन पाहणे नव्हे. जपानमध्ये १९५० च्या दशकापासून अशी अनेक वानर-उद्याने निघाली. आयते खाणे मिळाल्यामुळे टोळ्यांची संख्या फुगली आणि आसपासच्या शेतीचे नुकसान उलट वाढले. त्यांपैकी कित्येक उद्याने पुढे बंद झाली. आज त्या देशात शेतीला उपद्रव म्हणून दर वर्षी हजारो माकडे पकडून मारली जातात. एका दरीतील गोंडस छायाचित्रामागे हे चित्र झाकले जाते.

याचा अर्थ या माकडांत पाहण्यासारखे काही नाही असा नाही. माणूस सोडल्यास इतक्या उत्तरेला राहणारा दुसरा नरवानर जगात नाही; होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला शिमोकिता द्वीपकल्पावर ही माकडे कडाक्याच्या हिवाळ्यात झाडांच्या साली आणि कळ्या खाऊन राहतात, आणि त्यांना कोणतेही गरम कुंड लागत नाही. माझ्या मते खरे हिमवानर ते. शिकण्याच्या क्षमतेविषयी म्हणाल, तर १९५३ मध्ये कोशिमा बेटावर इमो नावाच्या लहान मादीने रताळे पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली आणि हळूहळू ती सवय टोळीत पसरली. जिगोकुदानीतील स्नान हा त्याच जातीचा प्रकार आहे. पण गंमत अशी की ही दोन्ही उदाहरणे माणसाने खाणे टाकल्यानंतरची आहेत.

काजूबाग

मी रत्नागिरी जिल्ह्यात बागायती करतो, त्यामुळे वनराई यांच्या प्रतिसादातील शेतीच्या नुकसानीचा मुद्दा मला पुस्तकात वाचावा लागत नाही. माकडांनी आणि वानरांनी आमच्याकडे भुईमूग, केळी, पपई, फणस आणि नारळ यांची जी गत केली आहे तिच्यामुळे पुष्कळांनी परसातला भाजीपाला लावणे सोडून दिले. त्यातच घाटात गाडी थांबवून त्यांना बिस्किटे आणि वेफर्स देणारे धर्मात्मे आहेतच. जी माकडे माणसाच्या हाताला सरावतात ती पुढे माणसाच्या घराला सरावतात. यामानोउचीच्या बागायतदारांची बाजू लेखात एका वाक्यात आटोपली आहे. त्या सफरचंदवाल्यांचे आज काय चालले आहे, हे वाचायला मला माकडांपेक्षा अधिक आवडले असते.

मृदगंध

वनराई आणि काजूबाग, दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे आणि त्यांना एकत्र उत्तर देते.

या माकडांना मी पूर्णपणे रानटी म्हणणार नाही आणि पाळीवही म्हणणार नाही. त्यांना पिंजरा नाही, त्यांची रात्र जंगलात जाते, माज शरद ऋतूत येतो, पिल्ले वसंतात होतात, आणि जंगलात खाणे भरपूर असले की ती दरीत फिरकतही नाहीत. अशा दिवशी प्रवेशद्वारावरच तशी सूचना लावलेली असते. टाकलेले खाणेही बार्ली, सोयाबीन यांसारखे आणि मोजके असते, आणि ते केवळ कर्मचारी टाकतात. पर्यटकाच्या हातात खाणे दिसले तर ते तिथेच पिशवीत ठेवायला लावतात. माझ्या पाहण्यात आलेला सर्वांत मोठा फरक हा होता: इतक्या जवळून जाऊनही एकाही माकडाने कोणाच्या पिशवीकडे हात नेला नाही. आपल्या घाटांतील माकडांना माणूस म्हणजे अन्न हे समीकरण आपण शिकवले आहे. तिथे ते समीकरण जाणीवपूर्वक तोडलेले आहे. खाणे घालण्याचा हा तोडगा सर्वत्र लागू पडेल असे मी म्हणत नाही, आणि जपानमध्येच तो पुष्कळ ठिकाणी फसला हे वनराई यांनी योग्यच दाखवले आहे.

बागांविषयी सांगायचे तर युदानाकाच्या रेल्वेमार्गावर दोन्ही बाजूंना छाटलेली सफरचंदाची झाडे बर्फात उभी दिसतात आणि अनेक बागांना विजेच्या तारांचे कुंपण आहे. सफरचंदाच्या उत्पादनात नागानोचा क्रमांक आओमोरी प्रांताच्या खालोखाल लागतो. म्हणजे बागा टिकल्या आहेत, पण राखण करून टिकल्या आहेत.

भूस्तर

पाणी गरम का होते, याविषयी थोडी भर घालतो, कारण अशा धाग्यांवर आपली वज्रेश्वरी-गणेशपुरी, दापोलीजवळचे उन्हवरे किंवा संगमेश्वरजवळचे तुरळ आणि जपानी ओनसेन यांची सरसकट तुलना होते. यामानोउचीच्या वरचे शिगा पठार ज्वालामुखीय आहे आणि त्याच डोंगररांगेतील कुसात्सु-शिराने हा ज्वालामुखी अजून जिवंत आहे. त्यातील मोतोशिराने शिखराचा जानेवारी २०१८ मध्ये स्की-उतारांच्या अगदी जवळ स्फोट झाला होता. जमिनीखाली फार खोल नसलेला तप्त भाग झिरपलेल्या पावसाला आणि वितळलेल्या बर्फाला तापवतो. रांगेच्या पलीकडच्या कुसात्सु गावातील पाणी तर तीव्र आम्लधर्मी आहे.

कोकणात असा ज्वालामुखी नाही. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असून त्याची उष्णता केव्हाच निवाली आहे. इथे पाणी भेगांमधून खूप खोल उतरते, खोलीप्रमाणे वाढणाऱ्या भूगर्भातील तापमानामुळे तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. जाता जाता एक गोष्ट: जपानमध्ये १९४८ च्या कायद्यानुसार उगमाशी २५ अंश सेल्सिअस तापमान असलेले किंवा ठरवून दिलेल्या घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असलेले पाणी ‘ओनसेन’ ठरते, त्यामुळे पाटी असलेल्या प्रत्येक ठिकाणी पाणी जमिनीतूनच कढत येत असेल असे समजू नये.

खाद्ययात्री

ज्या नोझावानाचा लेखात ओझरता उल्लेख आहे तिच्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण गरम पाणी आणि जेवण यांचा धागा तिथेच सर्वांत घट्ट आहे. ही सलगमच्या कुळातील पालेभाजी असून तिचे नाव जवळच्याच नोझावा ओनसेन गावावरून पडले. १७५६ साली तेथील एका मंदिराच्या धर्मगुरूने ओसाकाच्या बाजूचे सलगमचे बी आणले, पण त्या थंडीत कंद लहान राहिला आणि पाने मात्र लांबलचक वाढली, अशी कथा तिथे सांगतात. शरद ऋतूच्या अखेरीस गावकरी ही पाने सार्वजनिक स्नानगृहांच्या गरम पाण्यात धुतात आणि मग मिठात दाबून हिवाळ्याची बेगमी करतात. त्याच गावात ओगामा नावाचा नव्वद अंशांच्या आसपासचा झरा आहे. तिथे गावातल्या बायका भाज्या आणि अंडी उकडतात. पर्यटकाने फक्त कठड्याबाहेरून पाहायचे.

शिबूच्या गल्लीत मिळणारे ओनसेन-अंडेही चुकवू नये. पांढऱ्या भागापेक्षा पिवळा बलक कमी तापमानाला घट्ट होतो, त्यामुळे सत्तर अंशांच्या आतल्या पाण्यात बराच वेळ ठेवलेल्या अंड्याचा बलक बसतो आणि भोवतालचे पांढरे थरथरते राहते. घरच्या उकळत्या पातेल्यात याच्या नेमके उलट घडते.

शाकाहारी मंडळींसाठी दोन सूचना. ओयाकीतील नोझावानाच्या सारणातही कधी कधी दाशी असते, म्हणून भोपळ्याची किंवा आझुकीची ओयाकी घ्यावी. आणि नागानो शहरातील झेनकोजी मंदिराच्या परिसरात यात्रेकरूंसाठीच्या धर्मशाळा आहेत, त्यांपैकी अनेकींत शोजिन र्‍योरी हे भिक्षूंचे शाकाहारी जेवण आधी सांगून ठेवल्यास मिळते. त्यात दाशी कोंबू या समुद्रशैवालाची आणि शिताके अळंब्यांची केलेली असते. ज्यांना कशाचेच वावडे नाही त्यांच्यासाठी नागानोत गोड सोय-रसात आटवलेले नाकतोडे आणि गांधीलमाशीच्या अळ्याही आहेत. समुद्रापासून दूर असलेल्या या प्रांतात प्रथिनांची सोय अशीच केली जात असे. मी नाकतोडे खाल्ले आहेत. कुरकुरीत होते, आणि साखर माझ्या चवीला जास्त होती.

पायवाट

आम्ही ऑक्टोबरमध्ये जाण्याचा विचार करत आहोत, कारण पानांचे रंगही पाहता येतील. तेव्हा माकडे पाण्यात दिसतील का?

मृदगंध

पायवाट, पाने पाहायची असतील तर ऑक्टोबर उत्तम आहे, पण माकडांसाठी तो सर्वांत बेभरवशाचा काळ आहे. तेव्हा जंगलात फळे-बिया भरपूर असतात आणि माजाचाही काळ असतो, त्यामुळे टोळी दिवसचे दिवस खाली येत नाही. आली तरी उबदार हवेत पाण्यात बसण्याचे कारण तिला नसते. स्नान पाहायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारी, आणि पिल्ले पाहायची असतील तर मे-जून. उद्यानाच्या संकेतस्थळावर कुंडाचे थेट कॅमेरा-चित्रण असते, ते पाहूनच नागानोहून निघावे. हिवाळ्यात उद्यान सकाळी ९ ते दुपारी ४ उघडे असते. पहिल्या बसने गेलात तर गर्दीच्या आधी तासभर मिळतो. हिवाळाच ठरवलात तर बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे पायवाटेच्या सुरुवातीला भाड्याने मिळतात, ते अवश्य घ्यावेत.